निळ्या छातीचा पाहुणा

तळेघरच्या बयाबाईंना पाखरं हाकलायला बसवलं, ही घरच्यांचीच चूक. खाचरातला भात पिकायला लागला की त्या गोफण घेऊन शेतातल्या माळ्यावर चढत. हाकलत नसत असं नाही. पण नवं पाखरू दिसलं की आधी ते डोळे भरून बघायचं, मग माळ्याच्या खांबावर कोयत्याने खूण करायची आणि उरल्या वेळात गोफण फिरवायची. अशा बासष्ट खुणा झाल्या होत्या.

त्रेसष्टावी मात्र अडली. गेल्या दसऱ्याच्या सुमारास त्यांनी घरी येऊन सांगितलं, "नीलपंखावानी व्हतं, पर डोकं, छाती समदी निळी!" शाळेतले सुभाष गुरुजी हसले. "आजी, तो आपला नेहमीचाच नीलपंख. त्याची छाती तपकिरी असते." मुलगा संपत हसला नाही. "आईच्या डोळ्यांचं आता काय खरं न्हाई," एवढंच म्हणाला. बयाबाईंनी रुसून खूणच केली नाही.

यंदा संपतने माळ्यावर आईऐवजी पाखरं हाकलायला आवाज करणारा भोंगा बसवायचं ठरवलं. बयाबाईंना ते फार लागलं. कोण आलंय, कोण गेलंय, त्या मेल्या भोंग्याला काय कळणार? "दसऱ्यापत्तुर थांब," त्या म्हणाल्या. तो कसाबसा थांबला.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी तो पाहुणा आला. समोरच्या वाळक्या फांदीवर ऐटीत बसला. डोकं निळं, छाती निळी, पाठ विटकरी. नेमका त्याच वेळी बांधाकडच्या भातात मुनियांचा थवा उतरला. गोफण फिरवावी तर मुनियांबरोबर हाही उडणार, आणि पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही. बयाबाईंनी गोफण मांडीखाली सारली. मुनियांची पंगत बसली.

तेवढ्यात सून रुपाली भाकरी घेऊन माळ्यावर चढली. थवा बघून ओरडणार, तोच बयाबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला आणि फांदीकडे बोट केलं. रुपाली बघतच राहिली.

"अगं बया! छाती निळीच हाय की, आत्या!"

तिने हळूच मोबाइलवर फोटो काढला आणि गुरुजींना पाठवला. दुपारी गुरुजींचा निरोप आला, "काश्मिरी नीलपंख. लांबच्या प्रवासात इथं टेकलाय. आजींना सांगा, चूक माझी होती." बयाबाईंनी तो रुपालीकडून तीनदा वाचून घेतला.

संध्याकाळी संपत तणतणत आला. "बांधाकडचा भात पार खाल्लाय! आई, तुला थवा दिसला न्हाई? आता भोंगा बसवतोच!"

बयाबाईंचा चेहरा उतरला. आता खरं सांगायलाच हवं होतं.

"माळ्यावर मीबी व्हते," रुपाली मध्येच म्हणाली. "आत्यांना समदं दिसत व्हतं. मला आज पयल्यांदा दिसलं. भोंगा आणू नका. उद्यापास्नं हाकलायला मी बसते, बघायला आत्या बसतील."

संपतने दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि गोफण रुपालीपुढे ठेवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघी माळ्यावर चढल्या. बयाबाईंनी खांबावरची मोकळी जागा दाखवली आणि कोयता रुपालीच्या हातात दिला.