तीनशे अठरा आणि तीनशे एक्क्याऐंशी

नईमभाईंनी माझ्या टेबलावर ओलं पोतं उलगडलं, तेव्हा मी आधी रजिस्टरं बाजूला ओढली. पोत्यात सोयाबीनचे दाणे ओळीने मांडले होते. जवळपास प्रत्येकाला पांढरा मोड आला होता.

"मोजा मॅडम," ते म्हणाले. "शंभर टाकले, नव्वद उगवले. अन् तुमचा रिपोर्ट म्हणते एकावन्न. असं कसं होते?"

मी तेव्हा अमरावतीच्या एका बियाणे तपासणी प्रयोगशाळेत बीजपरीक्षक होते. काम सांगायला सोपं. बियाण्याचा नमुना पाकिटातून येतो. त्यावर कंपनीचं नाव नसतं, फक्त कोड नंबर असतो. त्यातले चारशे दाणे ओल्या कागदात गुंडाळून जर्मिनेटरमध्ये, म्हणजे ठरावीक उष्णतेच्या कपाटात ठेवायचे. आठव्या दिवशी धडधाकट रोपं मोजायची. शंभरात सत्तर आली तर सोयाबीन पास.

नईमभाई अकोल्याच्या जुन्या शहरात राहायचे. वीस-बावीस शेतकऱ्यांना जोडून त्यांनी बियाणं तयार करायला घेतलं होतं. त्यांचा पहिलाच मोठा लॉट माझ्या रिपोर्टने नापास झाला होता.

"नईमभाई, घरच्या पोत्यावर रिपोर्ट बदलत नसतो," मी म्हणाले.

"मंग आमी हे बियाणं तेलगिरणीत टाकू काय? उद्या गाडी बोलावली आहे."

"ते तुमचं तुम्ही पाहा."

नईमभाई उठले. पोतं गुंडाळून निघून गेले. माझं बोलणं मलाच खटकलं. म्हणून मी ड्रॉवर उघडून मोजणीचा कच्चा कागद काढला.

कच्च्या कागदावर तीनशे एक्क्याऐंशी नंबरपुढे एकोणनव्वद लिहिलं होतं आणि तीनशे अठरापुढे एकावन्न. अक्षर माझंच. तिथून निकालाच्या कार्डावर उतरवताना मी दोघांचे आकडे एकमेकांपुढे लिहिले होते. एक्क्याऐंशी नईमभाईंचा. अठरा कोणाचा ते मला माहीत नव्हतं, पण त्या नंबरचा लॉट माझ्या रिपोर्टवर पास होऊन दुकानांकडे निघाला असणार. पेरणीला दोन आठवडेही उरले नव्हते.

ती वर्षं वऱ्हाडाला फार जड गेली. एकदा पेरलेलं उगवलं नाही तर पुन्हा पेरायची ताकद फार थोड्यांकडे उरली होती. तीनशे अठराच्या पिशव्या किती घरांत जातील याचा अंदाज मला होता. 

तो कागद माझ्याशिवाय कोणी पाहत नसे. फाडला असता तर विषय तिथेच संपला असता. त्याच महिन्यात प्रमोशनच्या यादीत माझं नाव होतं. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं, ते लपवत नाही.

मी जन्माने ख्रिस्ती. पण स्वभावाने प्रामाणिक होते असं म्हणता येणार नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून वजनकाट्याची काच फुटली होती आणि मी तो दोष शिपायावर, देविदासवर ढकलला होता. आमच्या चर्चमध्ये मार्थाबाई नावाच्या एक निवृत्त नर्स होत्या, त्या बायकांचा बायबलचा अभ्यास घ्यायच्या. त्यांच्याजवळ मी ते सहज बोलून गेले. मला वाटलं, त्या प्रार्थना करतील. त्या म्हणाल्या, "प्रार्थना नंतर. उद्या देविदासची माफी माग. विश्वास तोंडात आहे तोवर काही कळत नाही, शालिनी. आज्ञा पाळायची वेळ आली की कळतं."

मी माफी मागितली. फार जड गेलं. त्यानंतर मार्थाबाई दर रविवारी विचारायच्या, "या आठवड्यात काय पाळलंस?" कधी उशिरा आले तर हजेरीपटावर खरी वेळ लिहिली, कधी नावडत्या जावेला दवाखान्यात डबा नेला. सगळी बारीक बारीक कामं. त्यांचा काय उपयोग, हे मला तो कच्चा कागद हातात असताना कळलं.

जर्मिनेटरच्या खोलीत जाऊन मी दार लावलं. "प्रभू, मला भीती वाटते," एवढंच म्हणता आलं. आकाशवाणी वगैरे झाली नाही. भीतीही गेली नाही. पण कागद फाडायचा विचार सुटला. मी तो घेऊन वानखडे साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

वानखडे साहेब आमचे प्रमुख. माणूस चांगला, पण भानगडीला घाबरणारा. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"कोणाले सांगितलं?"

"तुम्हालाच."

"मंग असं करा. त्या मुसलमान शेतकऱ्याकडून फेरतपासणीचा अर्ज घ्या. त्याचं काम होऊन जाईल. अन् अठराचं, पाकीट येतानाच बदललं होतं, असं लिहू. नमुना घेणारा निरीक्षक नवा आहे. त्याले एक ताकीद मिळेल, बस."

"साहेब, पाकीट बदललं नाही. आकडे मी बदलले."

"अहो, तुमचं प्रमोशन आहे! काहून पायावर धोंडा पाडून घेऊन राहिल्या?"

"मी खोटं लिहू शकत नाही, साहेब. मला माझ्या देवाला उत्तर द्यायचं आहे. आणि तो निरीक्षक कोणाचा तरी मुलगा आहे."

साहेबांनी कागद परत माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "लिहा. पण नुसत्या कागदावर रिपोर्ट फिरत नाई. पुरावा पाहिजे, अन् आठ दिवस थांबायले वेळ नाई."

यावर एक झटपट चाचणी आहे. भिजवलेले दाणे टेट्राझोलियम नावाच्या द्रावणात ठेवले की जिवंत भाग लाल होतो. मेलेला भाग पांढराच राहतो. राखून ठेवलेल्या नमुन्यातले दाणे मी लगेच भिजवले. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब स्वतः भिंग घेऊन माझ्या शेजारी बसले. तीनशे एक्क्याऐंशीची बशी लालेलाल. तीनशे अठराची अर्धी पांढरी.

"बापा रे," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

त्यांनी अठराची विक्री थांबवण्यासाठी वर कळवलं. मी नईमभाईंना फोन लावला. "गाडी परत पाठवा," मी म्हणाले. "तुमचं बियाणं चांगलं आहे. चूक माझी होती. आणि काल तुमच्याशी तशी बोलले, तीही माझीच चूक."

पलीकडून माणसांचा गलका ऐकू येत होता. ते म्हणाले, "मॅडम, गाडी दारात उभी आहे. अर्धी भरली." आणि मागे वळून ओरडलेले ऐकू आले, "उतरवा रे! पोती उतरवा!" त्यांचा आवाज फाटला होता. 

तीनशे अठरा तीन दुकानांत पोचला होता. ज्याला ताकीद मिळणार होती तोच नवा निरीक्षक मोटरसायकलवर दोन दिवस फिरला आणि सगळ्या पिशव्या सील केल्या. फक्त एका शेतकऱ्याने दोन पिशव्या घरी नेल्या होत्या. निरीक्षक त्याच्या घरी गेला. पिशव्यांची शिलाई अजून उसवायची होती. एकही दाणा मातीत गेला नाही.

आठव्या दिवशी पुन्हा लावलेल्या रीतसर चाचणीचे आकडेही तसेच आले. नईमभाईंचं बियाणं पास होऊन वेळेत विकलं गेलं. ऑगस्टमध्ये साहेबांनी मला जीपमध्ये बसवून ते बियाणं पेरलेल्या शेतांवर नेलं. ओळीत कुठे खंड नव्हता. नईमभाई बांधावर उभे राहून हात पसरून म्हणाले, "घ्या मॅडम, मोजा आता!" आम्ही तिघंही हसलो. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले, आणि मार्थाबाईंचेही.

मला मेमो मिळाला. सर्व्हिस बुकात नोंद झाली. त्या वर्षीचं प्रमोशन गेलं. आकडे उतरवले की दुसऱ्याने ताडून सही करायची, असा नियम साहेबांनी काढला. तीन वर्षांनी प्रयोगशाळेचा चार्ज कोणाला द्यायचा, असं वरून विचारलं तेव्हा त्यांनी माझं नाव दिलं. "ज्या बाईनं स्वतःची चूक स्वतः आणून दाखवली, तिच्या सहीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो," असं ते बोलले, हे मला नंतर कळलं. निवृत्त होईपर्यंत तो चार्ज माझ्याकडे होता.

नव्या लागलेल्या मुलींना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत असे. चूक लक्षात आली की आधी माझ्या केबिनमध्ये यायचं, मग चहा प्यायचा. उलट केलं की चहा संपत नाही आणि केबिन येत नाही.