राणीचा इमानी नोकर

समुद्रपूरला आमच्या गणपतीत दरवर्षी एकच शोकांत नाटक व्हायचं आणि त्यात राणीच्या इमानी नोकराचं काम आमच्या शेजारचा शिंपी करायचा. दुष्ट प्रधान दुधात विष कालवायचा, नोकराला बिचाऱ्याला काही ठाऊक नसायचं, आणि त्याच्याच हातचा पेला पिऊन राणी मरायची. शिंपी मशीन चालवता चालवता संवाद घोकायचा. गिऱ्हाइकाचं माप घेतानाही तोंडातून "आज्ञा, बाईसाहेब" निघून जायचं.

पाचव्या वर्षी मी पडद्याआडून संवाद सांगायला बसलो होतो. त्याने पेला आणला, हुंगला आणि म्हणाला, "बाईसाहेब, पिऊ नका. मले यात गडबड दिसून राह्यली."

प्रधान गोंधळला, राणी वाचली आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मंडळाचे अध्यक्ष मात्र चिडले. "काऊन केलं गा असं?"

"चार वर्षं मीच त्यायले मारून राह्यलो," तो शांतपणे म्हणाला. "इमानी माणूस एकदा तरी वास घेईन का नाई?"

पुढच्या वर्षी त्याला नुसता पडदा ओढायला ठेवलं. राणीने पेला ओठाला लावायच्या आत त्याने पडदा पाडला.