सगुणावहिनीचं पहिलं बोलणं

सुमनचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत बसले होते. "आत्या, आई गेली..." एवढंच ती म्हणाली. सगुणावहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. तिला जाऊन आता महिना उलटला. तेरवीला वहिनीच्या कुडव्याच्या घरी जो तो तिच्या बोलकेपणाबद्दलच सांगत होता. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईचं माहेर-सासर हिला उतरायच्या आत ठाऊक झालेलं असायचं. "स्वभावच तसा, देवानं दिलेला," शेजारचे एक गृहस्थ म्हणाले. पण देवानं दिलेला नव्हता तो. तिनं तो कसा मिळवला, हे पाहिलेली आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहिते.

वहिनी आमच्या घरी आली ती स्वातंत्र्यानंतर वर्षा-दोन वर्षांत. आमचं गाव गोंदियाकडे, नागऱ्याजवळ. धानाची शेती, घरात सतत येणं-जाणं. तिचं माहेर सालेकशाकडे, जंगलाला लागून. आईशी, माझ्याशी ती हळू आवाजात बोलायची, पण परका माणूस दारात दिसला की मागच्या मागे गुरांच्या कोठ्यात जाऊन उभी राहायची. गावातल्या बायका तिला मुकी म्हणू लागल्या. आई वैतागायची, "काऊन वो, पाहुणा तुले खाते का?" वहिनी खाली मान घालून पदराच्या टोकाला पीळ देत राहायची.

एकदा रोवणीच्या दिवसांत बांधावर बसून भाकर खाताना तिनं मला कारण सांगितलं. ती लहान असताना एक अनोळखी माणूस दारात आला होता. गोड बोलून त्यानं विचारलं, बाप कुठं गेला? हिनं सांगून टाकलं, लाकडं तोडायला. तो नाकेदार निघाला, जंगलाचा राखणदार. संध्याकाळी बापाला धरून नेलं. बाप परत आला तेव्हा त्याचा एक हात कायमचा वर उचलेनासा झाला होता... "मी बोललो म्हणून झालं ते, बाई," ती म्हणाली. मी माझी उरलेली भाकर तिच्या पुढ्यात सरकवली.

सुमन चार वर्षांची झाली त्या हिवाळ्यात मी आमगावला मावशीकडे गेले होते आणि तिथं मला हिवतापानं धरलं. भाऊ धानाच्या चुरणीत, म्हणजे मळणीत, अडकलेला. त्यानं मला आणायला वहिनीला आणि सुमनला गोंदियाहून आगगाडीत बसवून दिलं; परतताना स्टेशनवर बैलबंडी घेऊन येतो म्हणाला. आम्ही गोंदियाला उतरलो तेव्हा मला उभंही राहवत नव्हतं. भाऊ कुठं दिसेना. मी बाकावर आडवी झाले आणि पाणी मागितलं. वहिनीनं सुमनला माझ्या पायाशी बसवलं आणि लोटा घेऊन नळावर गेली. मी ग्लानीत होते; ती परत आली तेव्हा पायाशी कोणी नव्हतं.

लोटा तिनं खाली ठेवला नाही. तो हातातून पडला. ती धावत सुटली. बाकांखाली वाकून पाहिलं, बोऱ्यांच्या थप्पीमागं पाहिलं, पाण्याच्या नळापर्यंत जाऊन परत आली. फलाटावर माणसंच माणसं. हमाल, चहावाले, एक पोलीस... त्या सगळ्यांच्या मधून ती जात होती आणि एकालाही विचारत नव्हती. समोरच्या फलाटाला छोट्या लाईनीची, अरुंद रुळांवरची, बालाघाटकडे जाणारी गाडी सुटायला आली होती. इंजिनाचा धूर भरून राहिला होता. मी बाकावरून ओरडले, "विचार ना, वहिनी! कोणाले तरी विचार!" तापानं घसा बसलेला, तरी तिनं ऐकलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी विसरू शकत नाही. ओठ हलत होते आणि आवाज नव्हता.

मग ती एका म्हाताऱ्या हमालासमोर जाऊन उभी राहिली. त्याच्या डोक्यावर पेटी होती.

"भाऊ..."

"क्या बोल रही हो, बाई? जोर से बोलो!"

तिनं डोळे घट्ट मिटले. आणि जो आवाज निघाला तो मी तोवर कधी ऐकला नव्हता. "माझी पोरगी नाई दिसून राहिली!"

आजूबाजूची माणसं वळली. हमालानं पेटी खाली ठेवली. "कितनी बडी? क्या पहना है?"

"चार वर्साची. हिरवा झगा." आणि मग ती थांबलीच नाही. चहावाल्याला विचारलं, पोलिसाला विचारलं, गाठोड्यावर बसलेल्या एका सिंधी म्हातारीला विचारलं. त्या म्हातारीनं हात लांब केला. हिरव्या झग्याची एक मुलगी छोटं इंजिन बघत तिकडं गेली होती. तेवढ्यात छोट्या गाडीनं शिटी दिली.

वहिनी रुळांवर उतरून पलीकडे चढली. गार्डानं हिरवं निशाण उचललं होतं. जिनं आजवर परक्याला तोंड दाखवलं नव्हतं, तिनं त्या माणसाचा हात मनगटापाशी धरला.

"साहेब, गाडी नोको सोडू!"

"हटो बाई, टाइम हो गया है."

"तुमची पोरगी असती तं सोडली असती का? माझी आत आहे. मी हात नाई सोडत."

गार्डाचं निशाण खाली आलं. तिच्या मागोमाग आलेला हमाल एका टोकाकडून निघाला, वहिनी दुसऱ्या टोकाकडून. एकेका खिडकीत डोकं घालून ती विचारत होती, "हिरव्या झग्याची पोरगी पाहली का?" कोणी नाही म्हणे, कोणी झोपेतून दचकून उठे. मला बाकावरून तिची पाठ तेवढी दिसत होती, एका खिडकीकडून दुसऱ्या खिडकीकडे सरकणारी.

एका डब्यापाशी ती थांबली. आतल्या एका बाईच्या मांडीवर सुमन मुरमुरे खात बसली होती. ती बाई काय म्हणाली, ते वहिनीनं मला नंतर सांगितलं. "तुही पोरगी होय? केव्हाची नाव विचारून राहिली, गाव विचारून राहिली. तोंडच नाई उघडत. मुकी आहे का वो?"

वहिनी म्हणाली, "मुकी नाई जी. माझ्यासारखी झाली."

बंडीचं चाक वाटेत फसल्यानं भाऊ उशिरा पोचला. घरी जाताना हिवताप मला होता, पण दात वहिनीचे वाजत होते. सुमनला तिनं इतकं आवळून धरलं होतं की पोर कुरकुरू लागली. ती म्हणाली, "हिले असं नाई होऊ द्यायचं, बाई."

पुढच्या आठवडी बाजारात ती सुमनचा हात धरून स्वतः गेली. मिठाचा भाव विचारताना तिच्या कपाळावर घाम आलेला मी पाहिला. त्या दिवशी दुसऱ्या कोणाशी बोलणं झालं नाही. घरी येऊन ती पडून राहिली. पण पुढच्या बाजाराला पुन्हा गेली. कधी नुसतं "कोण्या गावची, माय?" विचारून पळून यायची, उत्तरही न ऐकता. आई हसायची. सुमन मात्र वहिनीचं पाहून हळूहळू बोलू लागली, आणि दोन पावसाळे गेले तोवर आमच्या दारात आलेल्या पाहुण्याला पाणी द्यायला वहिनीच पुढं यायची. खूप वर्षांनी मी तिला विचारलं, भीती गेली का गं? "कुठं जाते, बाई? तोंड उघडेपर्यंत छाती धडधडतेच. मंग दिसते, समोरचा माणूस बी आपल्यावानीच भेलेला हाये."

म्हातारपणी तिनं आपली खाट आतल्या खोलीतून पुढच्या खोलीत आणवली होती, दाराकडे तोंड करून. उन्हाची तिरीप थेट तोंडावर यायची, तरी ती खाट हलवू द्यायची नाही. तेरवीचं जेवण उरकल्यावर सुमन म्हणाली, आत्या, आता आत नेऊन ठेवू या. आम्ही दोघी खाट उचलायला वाकलो, तोच विजेचं मीटर पाहणारा माणूस दारात आला. नवीन होता. अंगणात माणसांची गर्दी, सतरंज्या पाहून तो कावराबावरा झाला आणि माघारी वळला.

सुमननं खाट सोडली. "या ना," ती म्हणाली. "कोण्या गावचे तुम्ही?"

"बिरसीचा."

"बसा मग," असं म्हणून सुमननं त्याला त्याच खाटेवर जागा करून दिली.