बिनडागी ताका

माझा आवाज मुळात खणखणीत, आणि राग त्याहून जास्त. भिवंडीतल्या आमच्या शाळेत दोन्ही कामाला यायचे, कारण वर्गातली पोरं बोलायची नाहीत, ओरडायची. बहुतेकांच्या घराला लागूनच लूमचा कारखाना. तिथं मागांच्या खडखडाटात साधं 'पाणी दे' म्हणायलाही घसा ताणावा लागतो. पोरं ओरडली की मी ओरडायची, मग ती आणखी वरच्या पट्टीत. दिवाळीच्या आधी माझा आवाज बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर आवाज कायमचा जाईल, बाई." मुक्या बाईला वर्गावर कोण ठेवणार?

प्रशिक्षणात सांगितलं होतं, चुकणाऱ्यावर ओरडू नका, नीट वागणाऱ्याचं लगेच कौतुक करा. तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. आता दुसरा इलाजच नव्हता. पण माझं घोगरं 'शाब्बास' दुसऱ्या बाकापर्यंतही पोचेना.

एकदा शेवटच्या बाकावरची मुलगी डबा विसरली. सगळ्या वर्गात तिचाच आवाज मोठा. तिची आई कारखान्यात विणायच्या सुताच्या कांड्या भरते. ती डबा घेऊन दारात आली. मुलीनं जागेवरूनच बरोबर आलेलं गणित उंच धरून दाखवलं. आईनं आपल्या डाव्या हातावरून, कोपरापासून मनगटापर्यंत, उजवा तळवा सावकाश फिरवला. मुलगी एवढी खुलली की मी बघतच राहिले.

"आईला खाज सुटली का गं?" मी विचारलं. वर्ग खो-खो हसला.

"खाज न्हाय, बाई! कापडाचा ताका बिनडागी उतरला का असा हात फिरवतात. लूम चालू असताना बोलून कुणाला ऐकू येतंय?"

दुसऱ्या दिवसापासून तीच खूण मी उचलली. कुणी शांतपणे लिहीत असलं, शेजारणीला रबर दिलं, की हातावरून तळवा. खूण मिळवायची तर पोरांना माझ्याकडे बघावं लागे, आणि बघता बघता तोंडं मिटत. खोटं कौतुक मात्र चालायचं नाही. डाग या पोरांना माझ्याआधी दिसतो. त्यामुळे प्रत्येकातलं खरंखुरं चांगलं शोधायची मला सवय लागली. त्या मायलेकींचे हे उपकार मी विसरणार नाही.

हळूहळू आवाज परत आला. पुष्कळ दिवसांनी मी कविता मोठ्यानं म्हणून दाखवली, आणि ऐन मध्यावर आवाज चिरकला. कशीबशी शेवटपर्यंत गेले. भीतभीतच मी मान वर केली.

शेवटच्या बाकावर ती मुलगी आपल्या हातावरून तळवा फिरवत होती. मध्येच थांबली, एका जागी बोट टेकवून तिनं मला डाग दाखवला. मग मान हलवून हसली आणि तळवा पुढे थेट मनगटापर्यंत नेला.

माझा ताका पास झाला होता.