आमच्या घरातला ‘फिट’ हा शब्द

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत आमच्या आळीत ‘फिट’ हा शब्द दिवसातून कितीदा तरी कानावर पडायचा. शिंप्याकडून आलेला ब्लाउज दंडात फिट व्हायचा. पावसात फुगलेलं न्हाणीघराचं दार चौकटीत इतकं फिट बसायचं की खांद्यानं ढकलावं लागे. विहिरीवर पंप फिट करायला माणूस यायचा. शेजारच्या मुलाला बोटीवर नोकरी लागायची होती. मुंबईच्या डॉक्टरांनी त्याला फिट ठरवलं, तेव्हा त्याच्या आईनं पेढे वाटले. हिशेब जुळला की आमच्या कचेरीतही ‘फिट झालं’ म्हणत. हिशेब लिहिणं हे माझंच काम, त्यामुळे तिथं तो शब्द मला आवडायचाही.

घरात मात्र तो एकाच अर्थानं चाले. माझ्या धाकट्या बहिणीला फिट यायची.

‘फेफरं’ हा शब्द आईला सहन होत नसे. फेफरं म्हटलं की घराण्याला डाग. फिट म्हटलं की पडशा-खोकल्यासारखी डॉक्टरांची बाब. वडील नव्हते, म्हणून बहिणीचं लग्न बघणं माझ्याकडे आलं. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं की गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, लग्नाला हरकत नाही, पण समोरच्यांना आधी कल्पना द्या. आईचं मत निराळं.

“लग्न झालं की जाते ती. माझ्या चुलतबहिणीची नाही गेली?”

ती चुलतबहीण चार महिन्यांत माहेरी परत आली होती, एवढं आई वगळायची.

पहिलं स्थळ दापोलीचं. चहा झाल्यावर मी सांगितलं, “मुलीला फिट येते. औषध चालू आहे. गेल्या वर्षात दोनदाच आली.” मुलाच्या वडिलांनी कपबशी खाली ठेवली, यंदा मोहोर कसा आहे ते विचारलं आणि एस.टी.ची वेळ झाली म्हणून उठले. आठवड्यानं निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका जुळली होती म्हणूनच तर ते आले होते! पण आमच्याकडे नकाराची रीतच ही. कोणी कोणाला दुखवत नाही, त्यामुळे भांडायलाही जागा उरत नाही.

पुढच्या स्थळांचंही तेच झालं. “तुझ्या खरेपणाला आता हळदकुंकू वाहा,” आई म्हणाली, “आणि बहिणीला ठेव घरात वाळत.”

बायको माझ्या बाजूची होती, पण एकदा तीही म्हणाली, “अहो, नाही सांगितलं तर निदान एक तरी हो म्हणेल.”

“आणि मग? लपवून गोळ्या घेणार, आणि एक दिवस चुलीजवळ पडणार.”

ती उठून स्वयंपाकघरात गेली. मला त्यात काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. माझं म्हणणं बरोबर होतं आणि कोणाच्याच उपयोगाचं नव्हतं.

मग गुहागरचं स्थळ आलं. आणलं ते लग्नं जुळवणाऱ्या एका दूरच्या काकांनी. मुलगा शिक्षक, घरची सुपारीची बाग. “मुलगी सगळ्या बाजूंनी फिट आहे, असं सांगून ठेवलंय मी,” काका म्हणाले.

“मग खोटं नाही हो बोललात, काका!” बहीण आतून ओरडली आणि मोठ्यानं हसली. काका घाईनं चपला शोधू लागले.

या मुलाचा फोटो तिनं पुन्हा मागून घेऊन बघितला. आधीच्या कुणाचा एकदाही धड बघितला नव्हता. मंडळी यायच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, “दादा, उद्या तू काही बोलू नकोस.” मला वाटलं, हीपण आईला मिळाली. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

ठरल्याप्रमाणे मंडळी आली. तिनं पोह्यांच्या बशा दिल्या. मुलानं दोन घास खाल्ले आणि “छान झालेत” म्हणाला. आई माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. बहीण आत गेली नाही. तिथंच उभी राहून म्हणाली, “मला फिट येते. रोज गोळ्या घेते. पुढंही घ्याव्या लागतील.”

मुलाच्या आईच्या हातातला चमचा थांबला. “पोहे कोणी केले?”

“मीच. पोह्यांतून लागत नाही ती.”

“ठेव रे बशी खाली,” त्या मुलाला म्हणाल्या.

त्यानं एकदा बहिणीकडे बघितलं. मला वाटलं, हा खाईल. त्यानं बशी खाली ठेवली.

या वेळी मोहोराची चौकशी झाली नाही. मंडळी फाटकाबाहेर गेली. आई देवघरापुढं जाऊन बसली.

बहिणीनं बशा गोळा केल्या. “दादा, आता कुणाला बोलावू नकोस,” ती म्हणाली. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

हात न लावलेले पोहे तिनं पातेल्यात परत ओतले. मुलाची उष्टी बशी तेवढी बाजूला ठेवली. थोड्या वेळानं मी पाणी प्यायला आत गेलो, तर ती दाराआड भिंतीला टेकून उभी होती आणि त्या बशीतले पोहे एकेक घास करून संपवत होती.