लंगडीचं रिंगण
काल बऱ्याच वर्षांनी मुकुंदवाडी स्टेशनवर उतरले आणि बिअरच्या कारखान्याकडून उकडलेल्या धान्याचा तोच आंबूस वास आला. तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते, शहरात आज मोर्चा तर उद्या बंद, आणि शाळकरी पोरं एकमेकांना जातीवरून कशी छळतात यावर मी विद्यापीठात संशोधन करत होते. कारखान्यांच्या कुंपणाला लागून असलेल्या एका शाळेत गेले, तर हेडमास्तर दारातच म्हणाले, "आमच्याकडं असलं काही नाय, मॅडम." मधल्या सुट्टीत धुळीच्या पटांगणावर आठवीच्या मुली लंगडी खेळत होत्या. राज्य असलेली मुलगी एका पायावर उड्या मारत एकेकीला बाद करत होती, आणि रिंगणाच्या मधोमध एक मुलगी न पळता नुसती उभी होती. लंगडी घालणारी तिला घासून जाईल इतक्या जवळून गेली, पण हात लावला नाही. परत आली, तरी नाही. मी त्या उभ्या मुलीला बाजूला बोलावलं. "तू पळत का नाहीस गं?" तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मॅडम, तुमचं आडनाव काय?" मी सांगितलं. वरच्या जातीचं, ऐकताच कळणारं. तिचा चेहरा मिटला. "लई मजा येते," ती म्हणाली, "मी कधीच आउट होत नाय." आणि पुन्हा रिंगणात जाऊन उभी राहिली. काल तो वास ओसरेपर्यंत मी फलाटावर येरझारा घालत होते. ती मुलगी तेव्हा मला सारं सांगत होती, की माझ्यापासून लपवत होती, हे मला अजूनही ठरवता येत नाही.