आठव्या दिवसाची पाहणी

मी देवी टोचणारा होतो. कर्जत तालुका आणि त्याला जोडलेला खालापूर पेटा, एवढा मुलूख माझ्याकडे. भातकापणी उरकली की निघायचं आणि शिमग्यापर्यंत गावोगाव हिंडायचं. लोक मला डागतर म्हणत आणि मीही ते कधी नाकारलं नाही. खरं तर मला येत होतं एवढंच: लसीची नळी फोडायची, पोराच्या दंडावर सुईने ओरखडायचं आणि आठव्या दिवशी परत जाऊन फोड आलाय का ते पाहायचं. फोड आला की वहीत ‘उत्तम’ लिहायचं. त्या ‘उत्तम’वर माझी नोकरी चालायची.

कशेळ्याच्या अलीकडे एक गाव होतं. तिथे एका शेतकऱ्याच्या ओटीवर मी बैठक मारायचो, कारण ओटी ऐसपैस होती आणि घरातली बाई तोंडाची गोड. मी पायरी चढलो की ती ओरडायची, “पळा रं पोरांनो, आला कसाई!” आणि हसत ताकाचा तांब्या पुढे करायची. मला ती आवडायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

त्या वर्षी तिच्या तीन पोरांबरोबर एक चौथी मुलगी रांगेत आली. असेल चारेक वर्षांची. “माज्या दिराची,” बाई म्हणाली. “आई गेली तिची, अन बाप घाटात रेलवेच्या गँगीत. आमीच सांभाळतो.” बाकीची पोरं सुई पाहताच आईच्या लुगड्यात शिरली. एकाने तर माझा अंगठा चावला. या मुलीने आपणहून दंड पुढे केला. सुई लागली तरी पापणी हलली नाही, आणि तिने कुणाकडे पाहिलंही नाही. झाल्यावर एकटीच चालत गोठ्याकडे गेली. मी खूश! सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “बघा रे, शिका हिच्याकडून. शहाणी पोर!” दिवसभर पोरांचं केकाटणं ऐकणाऱ्याला गप्प पोर म्हणजे देवाचा प्रसाद. रडून कुणी येत नाही हे तिला चौथ्या वर्षीच कळून चुकलं होतं, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

आठव्या दिवशी पाहणीला गेलो. तिच्या केसांच्या जटा झालेल्या, कानामागे मळाचे थर, अंगावर तेच झबलं आणि फोड खाजवून चिघळलेला. पण आमच्या भागात एक रीत होती. पोराला टोचलं की देवी पाहुणी आली असं धरायचे. खपली पडेपर्यंत त्याला आंघोळ नाही, तेल नाही, फणी नाही, निजायलाही वेगळं. खपली पडली की कडुलिंबाच्या पाल्याने न्हाऊ घालायचं आणि देवीला दहीभात दाखवायचा. “देवी आल्यात, पानी कसं लावू?” बाई म्हणाली. मी मान डोलावली. तिची तीन पोरं शेजारीच होती आणि त्यांचीही डोकी विंचरलेली नव्हती. पण आठ दिवस न विंचरलेलं डोकं आणि सहा महिने न विंचरलेलं डोकं यात फरक असतो. तो मला दिसत होता. दिसत असून मी ‘उत्तम’ लिहिलं आणि ताक प्यायलो.

निघताना बाई म्हणाली, “डागतर, तुमी घाटात ठाकूरवाडीच्या ठेसनाला जानार ना? दिराला सांगा, पोर झ्याक हाय.”

गँगमधल्या लोकांच्या पोरांना टोचायला मला घाटात जायचंच होतं. मुलीचा बाप रुळाच्या कडेला खडी भरत होता. निरोप ऐकून त्याने घमेलं खाली ठेवलं.

“तुमी सोता बघितली?”

“बघितली म्हणजे? टोचली की मीच.”

“मन खात होतं वो. संक्रांतीला रजा टाकनार होतो.”

“रजा कशाला टाकता? मजेत आहे पोरगी. सुईला रडलीसुद्धा नाही.”

त्याचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. रजा त्याने टाकली नाही. आता शिमग्यालाच जाईन म्हणाला.

महिन्याभराने त्याच गावावरून वर ठाकरांच्या वाडीत गेलो, तर एका म्हातारीच्या झोपडीसमोर ही मुलगी बसलेली. म्हातारी रोज मोळी विकायला खाली गावात जायची. ठाकर माणसं सगळ्यांनाच ‘तू’ म्हणतात, मामलेदार आला असता तरी ती ‘तू’च म्हणाली असती. ती माझ्याकडे रोखून पाहत म्हणाली, “तू हात बघतोस. पोट नाय बघत?”

मी झबलं वर केलं. फासळ्या मोजून घ्याव्यात, आणि खाली फुगलेलं पोट. पाठीवर जमिनीवर निजून पडलेल्या जखमा. घोट्याला दाव्याचा काळा वळ. दंडावरची खपली केव्हाच पडून गेली होती आणि अंगाला अजून पाणी नव्हतं.

“सुटली का माज्यामागं येते,” म्हातारी म्हणाली. “आंबील देते. पन आता ती बी पोटात ठरत नाय.”

मुलीला म्हातारीकडेच ठेवून मी खाली गेलो आणि त्या ओटीवर उभा राहून आयुष्यात कधी दिल्या नव्हत्या अशा शिव्या दिल्या. बाई जराही ओशाळली नाही. “शेतावर जाताना काय डोक्यावर घेऊ तिला? वासरू बांधते तशी बांधते. उरंल ते घालते की खायला.” मग शांतपणे म्हणाली, “आन तुमी दोनदा येऊन गेलात. तवा काय डोळे नव्हते?”

पोलीस पाटलाकडे गेलो. तो म्हणाला, “पोर चुलत्याच्या घरची हाय, रस्त्यावरची नाय. तुमी आपली देवी टोचा.” कर्जतला कचेरीत अर्ज घेऊन गेलो, तर कारकुनाने हा कुठल्या सदरात घालायचा असं विचारलं. दोन दिवस असे गेले. आधी बापाकडे धावायला हवं होतं, हे मला पहिल्या घटकेलाच कळलं होतं. गेलो नाही, कारण त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती. माझ्या लाजेपायी त्या पोरीचे दोन दिवस गेले. याची मला आजही चीड येते.

तिसऱ्या दिवशी घाटात गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. त्याने घमेलं तिथेच टाकलं. मुकादमाला न विचारताच तो निघाला. वाडीत पोचलो तेव्हा मुलीने त्याला ओळखलं नाही, कुडाकडे तोंड फिरवलं. त्याने तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि आम्ही कर्जतच्या दवाखान्याची वाट धरली. वाटेत ती दोनदा ओकली. पोटात काही नव्हतंच, नुसतं पाणी पडलं.

दवाखान्यात खरा डॉक्टर होता. त्याने बराच वेळ तपासलं, पुड्या दिल्या आणि मला एकट्याला बाजूला घेतलं. आतडी कामातून गेलीत, ताप हाडात मुरलाय, उशीर झाला, असं म्हणाला. बाप व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. मला पाहून पुढे आला.

“डागतर, मागं तुमी सांगितलं ते मी धरून बसलो. आता खरं सांगा. वाचंल?”

‘होईल हो बरी’ हे शब्द माझ्या जिभेवर तयारच होते. वीस वर्षं तेच तर आईबापांना सांगत आलो होतो. ते मी गिळले.

“नाही,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली. आत गेला आणि तिला मांडीवर घेऊन बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. तोवर त्याने तिला एकदाही खाली ठेवलं नाही.